तीन आठवडे पलंगावर आणि तीस वर्षं

बाबा खुर्चीतून उठेनात. दुखत होतं असं नाही, ऑपरेशनला तीन आठवडे होऊन गेले होते, टाके सुकले होते, डॉक्टर म्हणाले होते की सगळं छान आहे आता हळूहळू हिंडूफिरू द्या. तर बाबांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकवले, पुढे झुकले, आणि परत मागे बसले. परत झुकले, परत बसले. मग माझ्याकडे बघून ओशाळल्यासारखे हसले आणि म्हणाले, "वय झालं गं आता."

वय ७६. तीन आठवड्यांपूर्वी पण ७६च होतं, आणि तेव्हा हाच माणूस रोज पहाटे तासभर चालून यायचा आणि घरी पोचला की मला फोन करून "अजून लोळतेयस का" विचारायचा. तीन आठवड्यांत असं कितीसं वय होतं माणसाचं?

हे माझ्या डोक्यात किड्यासारखं वळवळत राहिलं, आणि खरं सांगायचं तर बाबांपेक्षा स्वतःमुळे जास्त. मी ४९ची. मध्ये एकदा लिफ्ट बंद होती तर पाच मजले चढताना मी तिसऱ्यावर थांबून फोन काढून मेसेज वाचायचं नाटक केलं होतं, कारण मागून शेजारच्या काकू येत होत्या आणि त्यांच्यासमोर धापा टाकायला लाज वाटली (काकू ६५च्या, न थांबता वर गेल्या, असो). तेव्हा मी पण मनात तेच म्हणाले होते, चला, वय झालं. म्हणजे हे वाक्य आमच्या घरात सगळेच वापरतात, फार सोयीचं आहे, कुणी पुढे काही विचारत नाही.

तर मी वाचायला बसले. मी डॉक्टर नाही, बारावीनंतर बायोलॉजीचं पुस्तक उघडलेलं नाही, पण बाबा झोपले की रात्री वेळच वेळ असायचा.

आणि वाचता वाचता मला एक जुना प्रयोग सापडला जो मी गेले दोन महिने भेटेल त्याला सांगत सुटलेय. १९६६ साली अमेरिकेत डॅलसमध्ये पाच निरोगी तरुण घेतले, सगळे विशीचे, आणि त्यांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं. चालायचं नाही, उभं राहायचं नाही. आधी आणि नंतर त्यांची व्हीओटू मॅक्स मोजली, म्हणजे जीव तोडून धावताना शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते. तीन आठवड्यांत ती पाव हिश्शाहून जास्त पडली. इथपर्यंत ठीक, पण खरी गंमत पुढे आहे, ३० वर्षांनी त्याच पाच जणांना शोधून परत तपासलं, आता सगळे पन्नाशीचे, वजनं वाढलेली, पोटं सुटलेली, आणि कळलं काय तर ३० वर्षांच्या वयाने त्यांची क्षमता जेवढी घटली होती त्यापेक्षा जास्त ती त्या तीन आठवड्यांच्या झोपून राहण्याने घटली होती. मी हे वाचून उठून घरभर एक चक्कर मारली. मग त्या पाचही जणांना सहा महिने व्यायाम दिला, काही फार भयंकर नाही, चालणं, जॉगिंग, सायकल असं हळूहळू वाढवत, आणि पन्नाशीतली ती माणसं परत विशीतल्या आकड्यावर आली.

ती पोरं विशीची होती, बाबा ७६चे. म्हाताऱ्या शरीरावर बेड रेस्टचा परिणाम अजून लवकर होतो. २००७चा एक अभ्यास आहे, सरासरी ६७ वयाच्या ठणठणीत लोकांना फक्त १० दिवस झोपवलं तर पायांचा जवळपास एक किलो स्नायू गेला. दहा दिवसांत! आणि बाबा २१ दिवस, त्यात आम्ही घरचे सगळे प्रेमाने "उठू नका, आम्ही देतो" करणारे, पाण्याचा ग्लाससुद्धा हातात. आता विचार केला की कसंतरी होतं.

मग प्रश्न आला की जातं म्हणजे नक्की काय जातं. स्नायू जातो हे डोळ्यांना दिसतं, बाबांच्या मांड्या खरंच बारीक झाल्या होत्या. पण दम का जातो? तिथे मायटोकॉन्ड्रियाची एन्ट्री.

शाळेत मराठीतून शिकलेल्यांना तंतुकणिका हा शब्द आठवत असेल. "पेशीचे ऊर्जाकेंद्र", रिकाम्या जागा भरा, एक मार्क, विषय संपला. मला तेव्हा हा शब्द म्हणजे सरकारी भाषांतर वाटायचं पण आता कळलं की मूळ नावाचा अर्थच तो आहे, १८९८ला कार्ल बेंडा नावाच्या जर्मन माणसाने ग्रीकमधले धागा आणि कण असे दोन शब्द जोडून ते नाव ठेवलं होतं, त्याला मायक्रोस्कोपखाली ते कधी दोऱ्यासारखे कधी दाण्यासारखे दिसायचे. तर ज्याने कुणी तंतुकणिका केलं त्याला मी मनातल्या मनात सॉरी म्हणाले.

हे मुळात आपले नव्हेतच. दीड-दोनशे कोटी वर्षांपूर्वी हे स्वतंत्र जगणारे बॅक्टेरिया होते आणि दुसऱ्या एका पेशीने त्यांना आत घेतलं आणि पचवलंच नाही, तिथेच संसार थाटला त्यांनी. लिन मार्ग्युलिस या बाईंनी १९६७ला हे मांडलं तेव्हा त्यांचा पेपर एकामागून एक जर्नल परत पाठवत होतं. आज ते शाळेच्या पुस्तकात आहे. त्या जुन्या स्वतंत्र आयुष्याची खूण म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा वेगळा डीएनए आहे, अगदी चिमुकला, १६,५६९ अक्षरांचा आणि ३७ जीन्सचा, आणि तो फक्त आईकडून येतो. बाबांचा यात काही हात नाही. माझ्याकडे आहेत ते आईचे, तिच्याकडे आजीचे, आजीकडे तिच्या आईचे, असं मागे मागे जात राहायचं फक्त बायकांमधून. मला एकच मुलगा आहे म्हणजे त्याच्यात माझे आहेत पण पुढे तो देऊ शकत नाही, ही ओळ माझ्यापाशी थांबते. हे वाचल्यावर मला उगाचच पाच मिनिटं वाईट वाटलं. मग आठवलं ताईला मुलगी आहे, तिच्यात तेच आहेत, म्हणजे आजीची ओळ चालू आहे.

तर हे काम काय करतात. आपण खातो त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन हे एका साखळीवरून पुढे पुढे सरकवतात, शेवटी ऑक्सिजनच्या हातात देतात (आपण श्वास घेतो तो मुख्यतः यासाठी, हे मला ४९व्या वर्षी नीट कळलं), आणि या सरकवासरकवीत जी ऊर्जा सुटते तिने प्रोटॉन एका पातळ पडद्याच्या पलीकडे ढकलतात. धरणात पाणी साठवावं तसं. मग ते प्रोटॉन परत यायला बघतात आणि वाटेत एक अक्षरशः गोल फिरणारी टर्बाइन आहे, ती फिरते आणि एटीपी तयार होतं, म्हणजे पेशी कुठल्याही कामासाठी जे ऊर्जेचं चलन वापरते तो रेणू. तो पडदा इतका पातळ आहे की त्यावरचं दीडशे मिलिव्होल्टच्या आसपासचं व्होल्टेज मीटरच्या हिशोबात मांडलं तर ३ कोटी व्होल्ट होतात, म्हणजे वीज कोसळताना असतं त्या तोडीचं, आणि ते आपल्या प्रत्येक पेशीत शांतपणे चालू आहे आपण सोफ्यावर लोळत असताना. प्रत्येक म्हणजे रक्तातल्या लाल पेशी सोडून, त्यांच्यात मायटोकॉन्ड्रियाच नसतात, ज्या ऑक्सिजन वाहून नेतात त्या स्वतः तो वापरत नाहीत. प्रामाणिक कुरियर.

हे धरणाचं डोकं पीटर मिचेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाचं, १९६१. लोकांनी वेड्यात काढलं त्याला. तब्येतीमुळे युनिव्हर्सिटी सोडून त्याने कॉर्नवॉलमध्ये एक मोडकळीला आलेला जुना वाडा दुरुस्त करून घेतला आणि तिथेच लॅब थाटली आणि १९७८ला त्याला एकट्याला केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. मला ही गोष्ट फार आवडते, विषयाशी तसा संबंध नाही.

महत्त्वाचं हे की एटीपी साठवून ठेवता येत नाही. अंगात कुठल्याही क्षणाला असतं मूठभरच, पण दिवसभरात आपण साधारण आपल्या वजनाइतकं एटीपी वापरतो, म्हणजे तेच ते रेणू दिवसात शेकडो वेळा मोडायचे आणि परत जोडायचे. गोदाम नाही, सगळं रोजचं रोज. आणि असा कारखाना शरीर किती मोठा ठेवणार? मागणी असेल तेवढाच. १९६७मध्ये जॉन हॉलोझींनी उंदरांना काही आठवडे ट्रेडमिलवर पळवलं तर त्यांच्या स्नायूंतली मायटोकॉन्ड्रियाची कामाची एन्झाइम्स जवळपास दुप्पट झाली. तोपर्यंत लोकांना वाटायचं व्यायामाने फक्त हृदय सुधारतं, इथे दिसलं की पायातच कारखाने वाढतात. स्नायूला ऊर्जा कमी पडली की पेशीत धोक्याची घंटा वाजते, त्या घंटेने पीजीसी-वन अल्फा नावाचं एक प्रोटीन जागं होतं, आणि ते ऑर्डर सोडतं की नवीन मायटोकॉन्ड्रिया काढा. घंटा वाजलीच नाही तर ऑर्डर नाही. आणि असलेले जे आहेत ते खराब होत राहतात, त्यांना मोडीत काढून भाग परत वापरायची पण व्यवस्था आहे (पेशीच्या या मोडतोडीच्या कामावर योशिनोरी ओसुमींना २०१६चं नोबेल मिळालं), पण वयानुसार ही सफाई सुस्तावते, आणि त्यात आपण नुसते बसून.

म्हणजे बाबांच्या पायांनी तीन आठवडे काही मागितलंच नाही, तर शरीराने हिशोबाने कारखाने बंद केले. त्यात शरीराचं काही चुकलं नाही खरं तर. आणि मी? मी तर १५ वर्षं खुर्चीवर बसून नोकरी करतेय. बाबांचं तीन आठवड्यांत झालं ते माझं हप्त्याहप्त्याने चालू आहे, एवढाच फरक.

आता म्हातारपण खोटं आहे असं मी म्हणत नाहीये हां. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत चुका साठतात हे खरं आहे. २००४मध्ये असे उंदीर तयार केले की ज्यांच्यात या डीएनएची कॉपी काढताना चुका तपासायची सोयच बिघडवली होती, आणि ते बिचारे अकाली म्हातारे झाले, केस गेले, हाडं ठिसूळ, पाठीला बाक. २०११मध्ये कॅनडातल्या एका टीमने तसलेच उंदीर घेऊन त्यांना पाच महिने, आठवड्यातून तीनदा, ४५ मिनिटं ट्रेडमिलवर चालवलं, आणि ते बाकीच्यांच्या मानाने धडधाकट राहिले, केससुद्धा काळे. उंदीर म्हणजे माणूस नाही, माहितीये मला. तरी.

आणि वजनाचं. "चाळिशीनंतर मेटाबॉलिझम स्लो होतो" हे मी स्वतः किमान शंभर वेळा म्हटलंय, नवीन कपडे घट्ट झाले की म्हणायचंच. २०२१ला एक मोठा अभ्यास आला, ८ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांच्या आजोबांपर्यंत ६,४०० हून जास्त माणसं, २९ देशांतली, त्यांना खास खुणेचं पाणी पाजून ते शरीरातून किती वेगाने बाहेर पडतं त्यावरून दिवसाचा ऊर्जेचा खर्च मोजलेला. निघालं काय, तर शरीराचा आकार आणि स्नायू हिशोबात धरले की वयाच्या २० पासून ६० पर्यंत मेटाबॉलिझम ढिम्म हलत नाही. सपाट रेघ. साठीनंतर उतरतो, तो पण वर्षाला ०.७ टक्के. सगळ्यात जास्त जळतं एक वर्षाच्या बाळाचं, आकाराच्या मानाने मोठ्यांपेक्षा दीडपट. म्हणजे माझी सबब गेली. "स्नायू हिशोबात धरले की" हे मात्र विसरू नका, कारण तिशीनंतर दर दहा वर्षांनी ३ ते ८ टक्के स्नायू जातात काही केलं नाही तर, आणि जेवणानंतरची साखर मुख्यतः जाते ती स्नायूंत. स्नायू कमी, त्यातले मायटोकॉन्ड्रिया कमी, मग साखर आणि फॅट जाणार कुठे, पोटावर. काम करणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता साखर आत ओढतो, म्हणून जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालायला सांगतात. हे एवढं साधं कारण मला कुणी सांगितलं असतं तर मी कधीच चालले असते. बहुतेक. नक्की नाही.

आता बाटली. ताईने मला वाढदिवसाला "सेल्युलर एनर्जी" लिहिलेल्या गोळ्यांची मोठी बाटली दिली, तिने स्वतः पण सुरू केल्यात. लेबलवर अर्ध्या गोष्टी अँटिऑक्सिडंट. तर्क असा की मायटोकॉन्ड्रियात ऊर्जा बनताना धूर निघतो, फ्री रॅडिकल्स, त्यांनी पेशी गंजतात, म्हणून धूर शोषणाऱ्या गोळ्या घ्या. हा विचार १९५६चा, डेन्हम हार्मनचा, ऐकायला एकदम पटतो. मला पण पटला होता, मी दोन महिने घेतल्या. पण करून बघितल्यावर काय झालं ते वाचा. फिनलंडमध्ये सिगारेट पिणाऱ्या २९,००० पुरुषांवर चाचणी केली, १९९४ला निकाल आला, बीटा कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्के जास्त. अमेरिकेत तशीच दुसरी चाचणी १९९६ला मध्येच थांबवावी लागली. आणि माझ्यासाठी जास्त कामाचं म्हणजे २००९चा एक छोटा जर्मन प्रयोग, तरुण मुलांना चार आठवडे व्यायाम, अर्ध्यांना रोज व्हिटॅमिन सी १,००० मिलिग्रॅम आणि ई ४०० युनिट, अर्ध्यांना डमी गोळी. व्यायामाने इन्सुलिन जास्त चांगलं काम करायला लागतं, तो फायदा डमीवाल्यांना झाला, व्हिटॅमिनवाल्यांना झालाच नाही. कारण तो धूर हाच निरोप असतो! थोडासा धूर निघाला की पेशीला कळतं की काम वाढलंय, तयारीला लागा, आणि आपण गोळी खाऊन तो निरोपच पुसून टाकायचा.

ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली "तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच आहे." मग मी पुढे एनएडी (मायटोकॉन्ड्रियाला ऊर्जा बनवायला लागणारा एक रेणू) वाढवणाऱ्या गोळ्यांबद्दल बोललेच नाही. त्यांनी रक्तातली एनएडी वाढते हे दिसलंय, पण त्याने माणसं जास्त निरोगी जगतात असं दाखवणारं ठोस काही अजून हातात नाही. ती खरंच आजारी असती, काही कमतरता निघाली असती आणि डॉक्टरांनी दिली असती तर गोष्ट वेगळी. बाटली आता माझ्या टेबलावर पेपरवेट आहे.

मग मी काय करतेय? फार काही नाही, खोटं कशाला बोलू. आठवड्यातून चार दिवस अशा वेगाने चालते की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. हे सगळ्यात कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात उपयोगी. एक दिवस त्यातच मध्ये मध्ये मिनिटभर जीव खाऊन जिना चढते, मग उतरते, परत. याला कारण मेयो क्लिनिकचा २०१७चा अभ्यास, १२ आठवडे असा चढउतार वेगाचा व्यायाम करून तरुणांच्या मायटोकॉन्ड्रियाची क्षमता ४९ टक्के वाढली आणि ६५ ते ८० वयाच्या लोकांची ६९ टक्के. म्हाताऱ्यांची जास्त! नुसती वजनं उचलणाऱ्यांचे स्नायू वाढले पण मायटोकॉन्ड्रियाचं असं झालं नाही, म्हणून दोन्ही लागतं. वजनं मी आठवड्यातून दोनदा ठरवते आणि एकदा उचलते. झोप अजून वाईटच आहे, रात्री एकला मायटोकॉन्ड्रियाबद्दल वाचत बसल्यावर कशी सुधारणार.

पाचव्या मजल्यावर आता न थांबता जाते. धाप लागते, पण फोन काढावा लागत नाही.

बाबांसाठी फिजिओ येतात, तरुण मुलगा आहे, जाम पेशन्स. मी त्याला नव्वदीच्या लोकांचा अभ्यास दाखवला, १९९०चा, वृद्धाश्रमातले दहा अशक्त आजीआजोबा, आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम, ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तो म्हणाला, "मॅडम, तेच तर करतोय आपण." खरंच होतं, खुर्ची म्हणजे तेच. हात न लावता उठायचं, बसायचं, परत उठायचं. पहिल्या दिवशी हात लावून दोन. पहिल्या आठवड्याच्या शेवटी हात लावून सहा. मग उशी ठेवून बैठक उंच केली आणि हात सोडले, की परत दोनवर. बाबा चिडले, म्हणाले हे पोरगं मला मागे नेतंय. आई बाजूला बसून मोजायची आणि मुद्दाम एक कमी मोजायची, त्यावरून दोघांचं वाजायचं.

आता उशी काढलीये. काल हात न लावता अकरा झाले, आईच्या मोजणीने दहा. बाबा म्हणतात अकराच, आणि आज सकाळी सातला मला फोन आला, "अजून लोळतेयस का?"